सोडचिठ्ठीचा कागद आणि न्यायालयाचा हुकूमनामा

(बुद्धविहारात भरलेल्या कौटुंबिक सभेत एका वकिलाने केलेले भाषण)



आजच्या सभेत बोलण्यासाठी मला जो विषय देण्यात आला आहे, तो ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ज्या विहारात आपण मंगल परिणय लावतो, त्याच विहारात विवाह मोडण्याविषयी बोलावयाचे, हे कित्येकांना अशुभ वाटेल. परंतु शुभाशुभाच्या ज्या कल्पनांनी आपल्या मागच्या पिढ्यांना जखडून ठेवले होते, त्या आपण दीक्षेच्या दिवशीच मागे टाकल्या आहेत. सर्वांचा संसार सुखाचा व्हावा, ही आपली इच्छा आहेच. तथापि काही घरांत स्त्रीला मार खावा लागतो, काही घरांतून पती निघून जातो तो वर्षानुवर्षे परतत नाही, आणि काही घरांत दोन भली माणसेही एकमेकांना सुखी करू शकत नाहीत. ही वस्तुस्थिती आहे, आणि वस्तुस्थितीकडे पाठ फिरवून ती नाहीशी होत नाही.

काही दिवसांपूर्वी एक भगिनी माझ्याकडे आली. तिच्याबरोबर तिचा म्हातारा बाप होता. तिने पिशवीतून शंभर रुपयांचा एक मुद्रांक-कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कागद सात वर्षांपूर्वीचा होता. उभयतांनी राजीखुशीने फारकत घेतली आहे, यापुढे कोणाचा कोणावर हक्क राहिलेला नाही आणि पत्नीने पोटगी सोडली आहे, असे त्यावर लिहिलेले होते. खाली पाच पंचांच्या सह्या होत्या आणि नोटरीचा शिक्का होता. पतीने त्यानंतर वर्षाच्या आत दुसरी बायको घरात आणली होती. ही बाई बापाच्या घरी राहून मजुरी करीत होती आणि एक मुलगी वाढवीत होती. तिने मला विचारले, "वकीलसाहेब, माझी सोडचिठ्ठी झाली आहे की नाही, एवढे सांगा. पाच जणांनी सह्या केल्या आहेत."

मला सांगावे लागले की, बाई, हा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे. कायद्याच्या दृष्टीने तू आजही त्या माणसाची पत्नी आहेस. हे ऐकून म्हातारा खाली मान घालून बसला. कारण सात वर्षे ज्या हक्कासाठी त्या बाईने हात पसरला नाही, तो हक्क सात वर्षे तिचाच होता. पाच माणसांनी तिला सांगितले की तुझा हक्क संपला, आणि तिने ते खरे मानले.

आपल्यातील कोणावर अशी पाळी येऊ नये, म्हणून मी आज बोलणार आहे.

हा हक्क कोठून आला?

घटस्फोट ही परदेशातून आलेली फॅशन आहे, असे म्हणणारे लोक अजूनही भेटतात. त्यांनी आपल्याच आजी-पणजींची आठवण करावी. काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी हे शब्द मराठी भाषेत इंग्रजांनी आणलेले नाहीत. ज्यांना शूद्र म्हणून हिणवले गेले, त्या कष्टकरी जातींत विवाह मोडण्याची रूढी पूर्वापार होती. हिंदू संहिता विधेयकावरील वादात ही गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संसदेपुढे मांडली होती. रूढीतला दोष असा की, तेथे न्याय करणारे पंच बहुधा पुरुष असत आणि बाईचे म्हणणे लिहून घेण्याची रीत नसे. त्या काडीमोडीत पोटगी नव्हती, मुलांची तजवीज नव्हती आणि अपीलही नव्हते.

मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदू घटस्फोट कायदा झाला. पुढे हिंदू संहिता विधेयकाची कोंडी झाली आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्यामागच्या कारणांत ही कोंडी हे एक ठळक कारण होते. त्यानंतर त्याच विधेयकाचे तुकडे करून निरनिराळे कायदे मंजूर झाले. त्यांतला हिंदू विवाह अधिनियम १८ मे १९५५ पासून अंमलात आला, आणि दुसरा विवाह बेकायदा ठरून घटस्फोटाचा हक्क स्त्री-पुरुष दोघांनाही देशभर मिळाला. तेव्हा हा हक्क मागताना आपल्या भगिनींनी शरमेने मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही. तो मिळविण्यासाठी एका मंत्र्याने आपले पद सोडले आहे.

आपल्याला कोणता कायदा लागू?

नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. आम्ही तर हिंदू धर्म सोडला, मग हिंदू विवाह कायदा आम्हांला कसा लागू? ह्याचे उत्तर त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमातच आहे. बौद्ध, जैन आणि शीख यांना हा कायदा लागू आहे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. बौद्धांसाठी वेगळा विवाह कायदा असावा, ही मागणी आपल्या समाजात आहे आणि तिच्याविषयी मतभेदही आहेत. परंतु आज न्यायालयात गेल्यावर जो कायदा वाचला जाईल तो हाच.

ह्याच कायद्याच्या तेराव्या कलमात, पती किंवा पत्नीने धर्मांतर करून हिंदू असणे सोडले तर दुसऱ्या पक्षाला घटस्फोट मागता येतो, असे म्हटले आहे. त्याचा आधार घेऊन काही लोक आपल्या कुटुंबांना भीती घालतात की, तुम्ही दीक्षा घेतलीत, आता तुमचा विवाह मोडेल. ही भीती निराधार आहे. ज्यांना हा कायदा लागू आहे त्या सर्वांचा समावेश त्यातील हिंदू ह्या शब्दात होतो, असे दुसऱ्या कलमाचे तिसरे पोटकलम सांगते. सबब बौद्ध धम्म स्वीकारल्याने विवाह मोडत नाही आणि तेवढ्या कारणावर घटस्फोटही मागता येत नाही. एका घरात पत्नीने दीक्षा घेतली आणि पतीने घेतली नाही, तरी दोघांचे हक्क होते तसेच राहतात.

ज्यांनी आपला विवाह १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाखाली लावला असेल, त्यांचा घटस्फोटही त्याच अधिनियमाखाली होतो. म्हणून वकिलाकडे जाण्यापूर्वी आपला दाखला काढून पाहावा आणि तो कोणत्या कायद्याखालचा आहे हे वाचून घ्यावे.

विवाह विहारात झाला असेल आणि सप्तपदी झाली नसेल, तर तो खरा विवाह की नाही, असाही प्रश्न भांडणाच्या वेळी मुद्दाम काढला जातो. कायद्याने सप्तपदी सर्वांवर लादलेली नाही. वधू-वरांपैकी कोणाच्याही पक्षात रूढ असलेल्या विधीने विवाह लावता येतो, आणि त्या विधीत सप्तपदी असेल तेथेच ती आवश्यक असते. परंतु विधी झाला हे सिद्ध करण्याची पाळी येते. त्यासाठी लग्नपत्रिका, छायाचित्रे आणि विवाह लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी वा भन्तेंनी दिलेला दाखला जपून ठेवावा. विवाहाची नोंदणी तर करावीच करावी. नुसता विधी पुरेसा नाही आणि विधीवाचून नुसती नोंदणीही पुरेशी नाही. दोन्ही असावीत.

पंचांच्या कागदाची किंमत

आता त्या मुद्रांक-कागदाकडे वळू. रूढीने घटस्फोट घेण्याचा हक्क कायद्याने पुसून टाकलेला नाही, हे मी आपल्यापासून लपवीत नाही. एकोणतिसाव्या कलमात तो राखून ठेवला आहे. म्हणूनच गावोगाव सांगितले जाते की, आमच्यात असेच चालते. परंतु "असेच चालते" एवढे म्हणून न्यायालयात भागत नाही. ती रूढी दीर्घकाळ, अखंडपणे आणि सर्वांनी एकसारखी पाळलेली आहे, ती निश्चित आहे आणि सार्वजनिक हिताच्या विरुद्ध नाही, हे सर्व पुराव्याने दाखवावे लागते. हा भार रूढी सांगणाऱ्यावर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. तो पार पडला नाही म्हणजे पाच पंचांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का यांची किंमत रद्दीच्या कागदाएवढी उरते. नोटरी सही ओळखतो, तो विवाह मोडू शकत नाही.

आणि आपण तर आणखी एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. ज्या जातीची रूढी दाखवून हा कागद खरा करावयाचा, ती जात आपण सोडली म्हणतो ना? मग विवाह लावताना त्रिशरण-पंचशील म्हणावयाचे आणि विवाह मोडताना जातीच्या पंचांपुढे जाऊन बसावयाचे, ही कोणती रीत? जातपंचायतीने कुटुंबावर बहिष्कार घालणे हा महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी २०१६ च्या अधिनियमाखाली गुन्हा आहे. पंचांच्या धाकाने सही करण्याचे दिवस संपले आहेत, आणि जेथे ते संपले नसतील तेथे ते आपणच संपविले पाहिजेत.

ह्या कागदाचे परिणाम फार दूरवर जातात. कागद खोटा ठरला म्हणजे पहिला विवाह कायम राहतो. मग त्या पतीने केलेला दुसरा विवाह मुळातच शून्य ठरतो. फौजदारी कायद्याने तो गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. दुसरी म्हणून आलेली स्त्रीही फसते, कारण तिला कायदेशीर पत्नीचे स्थान मिळत नाही. तिच्या मुलांना मात्र सोळाव्या कलमाने औरस मानले आहे, आणि आईबापांच्या मालमत्तेत त्यांचा हक्क आहे.

घटस्फोट कोणत्या कारणांनी मिळतो?

घटस्फोटाचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग एका पक्षाने दुसऱ्याचा दोष दाखविण्याचा. तेराव्या कलमातील मुख्य कारणे अशी आहेत: विवाहानंतर दुसऱ्या व्यक्तीशी स्वेच्छेने ठेवलेला शरीरसंबंध, क्रूर वागणूक, अर्जापूर्वी सलग दोन वर्षे केलेला त्याग, गंभीर मनोविकार, संसर्गजन्य गुप्तरोग, संसारत्याग आणि सात वर्षे जिवंत असल्याची वार्ता नसणे. पूर्वी ह्या यादीत कुष्ठरोगही होता. २०१९ साली तो काढून टाकण्यात आला आणि हे योग्यच झाले, कारण औषधाने बरा होणारा रोग हा कोणाचा दोष नव्हे. व्यभिचाराचा फौजदारी गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केला. त्यामुळे त्यासाठी तुरुंगवास नाही, परंतु घटस्फोटाचे कारण म्हणून तो कायम आहे.

स्त्रियांना ह्याशिवाय काही जादा कारणे दिलेली आहेत. पत्नीच्या बाजूने पोटगीचा हुकूम झाला आणि त्यानंतर वर्षभर वा अधिक काळ उभयतांचा सहवास झाला नाही, तर तेवढ्यावरून तिला घटस्फोट मागता येतो. जिचा विवाह पंधराव्या वर्षाच्या आत लावला गेला, तिला अठरा वर्षांची होण्यापूर्वी तो नाकारून पुढे घटस्फोट मागता येतो.

क्रूरता म्हणजे केवळ मारहाण नव्हे. सतत अपमान करणे, खोटे आळ घेणे, पैशासाठी छळणे हीही क्रूरताच आहे. परंतु प्रत्येक संसारात होणारी कुरबुर म्हणजे क्रूरता नव्हे, हेही सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे. विवाहाला एक वर्ष होण्यापूर्वी अर्ज करता येत नाही. असाधारण हाल असतील तर न्यायालयाची वेगळी परवानगी घ्यावी लागते.

दुसरा मार्ग परस्पर संमतीचा, आणि तो १९७६ च्या दुरुस्तीने खुला झाला. दोघे एक वर्ष वेगळे राहत असतील आणि पुढे एकत्र राहणे अशक्य आहे असे दोघांनाही वाटत असेल, तर दोघांनी मिळून अर्ज करावा. त्यानंतर सहा महिने थांबावे लागते, आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे येऊन संमती सांगावी लागते. परिस्थिती पाहून हे सहा महिने माफ करता येतात, असा निर्णय २०१७ साली झाला. हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही आपली संमती परत घेता येते. म्हणून पोटगी, मुले आणि दागिने ह्यांचा स्पष्ट उल्लेख अर्जातच करून घ्यावा. "नंतर पाहू" ह्या शब्दांवर विश्वास ठेवणाऱ्या पुष्कळ भगिनींना नंतर काहीच पाहावयास मिळालेले नाही.

विवाह पूर्णपणे मोडून गेला आहे एवढ्याच कारणावर घटस्फोट देण्याचा अधिकार राज्यघटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयाला आहे, असे मे २०२३ मध्ये घटनापीठाने ठरविले. हा अधिकार खालच्या न्यायालयांना नाही. तालुक्याच्या कोर्टात त्या निकालावर घटस्फोट मिळवून देतो, असे कोणी म्हणाल्यास सावध व्हावे.

पोटगी, मुले आणि स्त्रीधन

ज्या भगिनीची गोष्ट मी सांगितली, तिने पोटगी सोडली असे कागदावर लिहिले होते. पोटगीचा हक्क असा लिहून सोडता येत नाही. तसा करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले आहे. परंतु धोका निराळाच आहे. पत्नी परस्पर संमतीने वेगळी राहत असेल तर फौजदारी संहितेखालची पोटगी तिला नाकारता येते. तो कागद दाखवून पती नेमके हेच म्हणतो. म्हणून भगिनींनो, रागाच्या भरात, भावाच्या आग्रहाने किंवा पंचांच्या दडपणाने अशा कागदावर सही करू नका.

पोटगी मागण्याचे मार्ग अनेक आहेत. दंडाधिकाऱ्यापुढे किंवा कौटुंबिक न्यायालयापुढे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली जो अर्ज होत असे, तो १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखाली होतो. घटस्फोटित स्त्रीलाही पुनर्विवाह होईपर्यंत ही पोटगी मागता येते. विवाह कायद्याच्या चोविसाव्या कलमाखाली दावा चालू असताना निर्वाहाची आणि दाव्याच्या खर्चाची रक्कम मागता येते, आणि पंचविसाव्या कलमाखाली कायमची पोटगी मागता येते. ही दोन कलमे पत्नीप्रमाणेच निर्धन पतीलाही खुली आहेत. नोव्हेंबर २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना आपले उत्पन्न आणि मालमत्ता शपथपत्रावर सांगणे भाग पाडले आहे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरविले आहे. ह्यातला शब्द नीट ऐका: अर्जाच्या तारखेपासून. जी सात वर्षे अर्जावाचून गेली, ती आता कोणीही भरून देऊ शकत नाही.

मुले कोणाकडे राहावीत, हे मुलांचे हित पाहून ठरते. पाच वर्षांच्या आतील मूल सामान्यतः आईकडे राहते. मूल आईकडे आहे म्हणून बापाची खर्चाची जबाबदारी सुटत नाही, आणि बाप खर्च देत नाही म्हणून त्याची मुलाशी भेट परस्पर बंद करणेही योग्य नाही. मूल हे दोघांच्या भांडणातले हत्यार होऊ नये.

माहेरून वा सासरहून स्त्रीला मिळालेले दागिने, भांडी आणि रोकड ही तिची स्वतःची मालमत्ता आहे. घर पतीच्या वा सासूच्या नावावर आहे म्हणून तिला रस्त्यावर काढता येत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला त्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. जेथे मारहाण होत असेल तेथे आधी घटस्फोटाचा विचार करीत बसू नये. आधी जीव वाचवावा. जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे किंवा १८१ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. न्यायालय तातडीचा संरक्षण हुकूम देऊ शकते.

न्यायालयाची पायरी

अब्रू जाईल, ह्या भीतीने पुष्कळ कुटुंबे न्यायालयात जात नाहीत. त्यांनी हे जाणून घ्यावे की, विवाह कायद्याखालची सुनावणी बंद दाराआड होते आणि तिचा वृत्तांत छापण्यास मनाई आहे. पंचांची बैठक मात्र भर चावडीवर होते. अब्रू कोठे अधिक राखली जाते, ह्याचा निर्णय आपणच करावा.

मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत १९८४ च्या अधिनियमाखाली कौटुंबिक न्यायालये आहेत. जेथे ती नाहीत तेथे दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागतो. विवाह जेथे झाला, उभयता शेवटी एकत्र जेथे राहिले किंवा प्रतिपक्ष जेथे राहतो, त्या ठिकाणी अर्ज करता येतो. २००३ पासून पत्नीला ती स्वतः जेथे राहते तेथेही अर्ज करता येतो. माहेरी आलेल्या भगिनीने पतीच्या दूरच्या गावी खेटे घालण्याची गरज नाही.

न्यायालय प्रथम समेटाचा प्रयत्न करते आणि समुपदेशकाकडे पाठविते. तेथे जाण्यास कमीपणा मानू नये. तुटणारा संसार सांधला गेला तर उत्तमच आहे. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी पतीची कर्तव्ये सांगताना पत्नीचा आदर करणे, तिचा अपमान न करणे आणि तिच्याशी एकनिष्ठ राहणे ह्यांचा समावेश केला आहे. असा समेट होत असेल तर तो करावा. परंतु मार खाणाऱ्या स्त्रीलाच सहन करावयास सांगणे म्हणजे समेट नव्हे.

वकील कसा शोधावा?

आता ज्या गोष्टीला लोक सर्वांत अधिक घाबरतात तिच्याकडे येतो. वकील म्हणजे पैसा, आणि पैसा नाही म्हणून न्याय नाही, अशी आपली समजूत आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाचे बारावे कलम पाहा. प्रत्येक स्त्रीला आणि अनुसूचित जातीच्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींचे स्थान कायम राहिले आहे, म्हणून आपल्या बंधूंनाही हा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे आणि तालुक्याला तालुका समितीचे कार्यालय असते. तेथे साधा अर्ज द्यावा किंवा १५१०० ह्या क्रमांकावर विचारावे. वकिलाचे शुल्क आणि न्यायालयीन शुल्क दोन्ही त्यात येतात. ही भीक नव्हे, हा घटनेच्या ३९-अ अनुच्छेदाचा आदेश आहे.

स्वतःच्या खर्चाने वकील लावावयाचा असेल तर कोर्टाच्या दारात उभा असलेला दलाल टाळावा. वकिलाने जाहिरात करून काम मिळवू नये, असा वकील परिषदेचा नियम आहे. जो स्वतःची जाहिरात करीत हिंडतो, तो पहिला नियम तेथेच मोडतो. ज्यांचे दावे संपले आहेत अशा कुटुंबांना विचारावे. दोन-तीन वकिलांना भेटावे. तुम्ही कौटुंबिक दावे नेहमी चालविता काय, तारखेला स्वतः उभे राहाल की दुसऱ्यास पाठवाल, माझ्या बाजूत कमकुवत काय आहे, कोणत्या टप्प्याला किती पैसे लागतील, हे निःसंकोच विचारावे. जो वकील तुमच्या बाजूतला दोषही सांगतो, त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा. "तीन महिन्यांत खात्रीने करून देतो" असे म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहावे.

मिळणाऱ्या पोटगीतून हिस्सा ठरवून घेणे वकिलाला नियमाने मना आहे. तशी मागणी झाली तर स्पष्ट नकार द्यावा. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. कोऱ्या कागदावर सही करू नये. वकीलपत्रावर आणि अर्जावर सही करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचवून घ्यावा. दाव्याला जो सोळा अक्षर-अंकांचा सी. एन. आर. क्रमांक मिळतो तो लिहून घ्यावा. त्यावरून पुढची तारीख मोबाईलवर घरबसल्या कळते. वकील बदलण्याचा हक्क तुम्हांला आहे, आणि शुल्क बाकी आहे म्हणून वकिलाला तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला आहे. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे करता येते.

कौटुंबिक न्यायालयात वकील उभा करण्यास न्यायालयाची परवानगी लागते, हेही ध्यानात असावे. तेथे पक्षकाराला स्वतः बोलण्याची मुभा आहे. न्यायाधीशांनी विचारले तर घाबरू नका. आपली गोष्ट आपल्या बोलीत, सरळ सांगा.

वकिलापासून मात्र काही लपवू नये. तुम्ही सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवण्यास तो कायद्याने बांधलेला आहे. आणि दावा भक्कम व्हावा म्हणून खोटे आरोप लिहून घेऊ नयेत. आपण चौथे शील रोज म्हणतो. ते साक्षीच्या पिंजऱ्यातही पाळावयाचे असते. खोटा आरोप उघडा पडला म्हणजे खरा छळही खोटा वाटू लागतो, आणि ज्यांचे दुःख खरे आहे अशा इतर भगिनींचे त्यात नुकसान होते.

हुकूमनामा मिळाल्यावर लगेच दुसरा विवाह ठरवू नये. अपिलाची मुदत विवाह कायद्याप्रमाणे नव्वद दिवसांची आहे. ती संपली आणि अपील झालेले नाही, याची खात्री वकिलाकडून करून मगच पाऊल टाकावे. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत घरात जपून ठेवावी.

बंधू-भगिनींनो, त्या भगिनीने तालुका समितीकडे अर्ज केला. तिला वकील मिळाला आणि तिने स्वतःच्या नावाने पोटगी मागितली. तिचा दावा अजून चालू आहे. तो काय लागेल हे मी सांगू शकत नाही, आणि सांगणारा वकील खरा नव्हे, हे मी आत्ताच आपल्याला सांगितले. परंतु पहिल्या तारखेला तिने अंगठा उठविला नाही. तिच्या मुलीने महिनाभर बसून तिला सही शिकविली होती, आणि ती सही तिने न्यायालयाच्या कागदावर केली. म्हातारा बाप मला एवढेच म्हणाला की, हे आधी कोणी सांगितले असते तर सात वर्षे वाचली असती.

त्याचे ते वाक्य आपण आपल्यावर घ्यावे. आपल्या वस्तीत, आपल्या नात्यात मुद्रांक-कागदावर सोडचिठ्ठी लिहिण्याची बैठक बसणार असेल, तर तेथे जाऊन सांगावे की हा कागद चालत नाही. सांगणाऱ्यावर लोक रागावतील. परंतु एका बाईची सात वर्षे वाचत असतील, तर तो राग सोसण्यासारखा आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.